काचेच्या पेटीतला समुद्र
(फिलिप हेन्री गॉस : एक चरित्र)

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकाला गॉस हे नाव ठाऊक असते ते एडमंड गॉसमुळे. त्याचे 'फादर अँड सन' हे पुस्तक १९०७ साली प्रथम निनावी प्रसिद्ध झाले आणि पुढे इंग्रजी आत्मचरित्रांत मानाचे स्थान मिळवून बसले. त्या पुस्तकातला बाप कमालीचा कर्मठ आहे. घरात गोष्टीचे पुस्तक येऊ द्यायचे नाही, नाताळचा सण पाळायचा नाही, मुलाच्या प्रत्येक बारीकसारीक इच्छेचा देवाच्या दरबारात जाब घ्यायचा, असा तो गृहस्थ. वर्गात हे पुस्तक शिकविताना मी पाहत आलो आहे, की मुले मुलाच्या बाजूने उभी राहतात आणि बापाला हसतात. मुलाने काढलेले चित्र खोटे नाही; पण एका माणसाचे सबंध आयुष्य दुसऱ्याच्या बालपणात मावत नाही. हा बाप, फिलिप हेन्री गॉस, आपल्या काळी मुलापेक्षा अधिक प्रसिद्ध होता. घरात समुद्राचे पाणी ठेवून त्यात समुद्रातले जीव जिवंत पाळण्याची विद्या सर्वसामान्य माणसाच्या हाती देण्याचे श्रेय मुख्यतः त्याचे आहे. त्या बापाची गोष्ट त्याच्या बाजूने सांगावी, एवढ्यासाठी हा लेख.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर गावी झाला. वडील छोट्या आकाराची व्यक्तिचित्रे काढणारे फिरते चित्रकार. आज या गावी, उद्या त्या गावी, मिळकत बेताची. कुटुंब पुढे पूल या बंदराच्या गावी स्थिरावले. तेथे त्याची एक आत्या होती, सूझन बेल. तिला किनाऱ्यावरील जीवजंतूंची आवड होती. खडकाला फुलासारखे चिकटून बसणारे समुद्रफूल हे फूल नसून प्राणी आहे, हे त्याला तिने दाखविले आणि खाऱ्या पाण्याच्या भांड्यात ते घालून पाहण्याची गोडीही तिनेच लावली. बाप चित्रकार आणि आत्या निसर्गवेडी. या मुलाच्या पुढच्या आयुष्याची शिदोरी एवढीच. शाळा लवकर सुटली. पंधराव्या वर्षी तो एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून झाला आणि १८२७ साली, सतरा वर्षांचा असताना, न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बोनिअर या गावी मासळीच्या पेढीवर हिशेब लिहिण्यासाठी त्याची रवानगी झाली.

तेथे त्याने आठ वर्षे काढली. हाडे गोठविणारी थंडी आणि दिवसभर खतावण्या. १८३२ साली एका लिलावात सूक्ष्मदर्शक यंत्रावरचे एक जुने पुस्तक त्याच्या हाती लागले आणि कारकुनाचा निसर्गशास्त्रज्ञ झाला. त्याच वर्षी त्याच्या मनाने धर्माचाही कायमचा ध्यास घेतला. विज्ञान आणि श्रद्धा ही दोन्ही त्याच्या घरी एकाच वर्षी आली आणि मरेपर्यंत दोन्ही नांदली, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. कारण पुढची सारी शोकांतिका तिच्यातूनच निघते. पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या हाताने तो आता किड्यांची नोंदवही लिहू लागला. कोणता किडा, कोठे, कोणत्या तारखेस, कोणत्या रंगाचा. सोबत स्वतः काढलेले चित्र. त्याची शिस्त ही खतावणीचीच शिस्त होती.

१८३५ साली मित्रांच्या संगतीने त्याने कॅनडात शेती घेतली. शेती बुडाली, फुलपाखरांच्या नोंदी मात्र भरपूर झाल्या. १८३८ साली अमेरिकेत अलाबामा प्रांतात मळेवाल्यांच्या मुलांना शिकविण्याची नोकरी धरली. तेथील गुलामगिरी पाहून त्याचे मन विटले आणि वर्ष पुरे होण्याआधीच त्याने परतीची वाट धरली. हाती पैसा नव्हता, पण बोटीवर बसल्याबसल्या त्याने पहिले पुस्तक लिहिले. 'द कॅनेडियन नॅचरलिस्ट' हे ते पुस्तक १८४० साली निघाले. त्याची मांडणी मोठी मनोवेधक आहे. एक बाप आणि एक मुलगा वर्षाच्या बारा महिन्यांत रानावनातून हिंडतात. मुलगा विचारतो आणि बाप सांगतो. त्या वेळी गॉसचे लग्नही झाले नव्हते! ज्या बापलेकाच्या नात्यासाठी जग त्याला ओळखते, ते नाते त्याने आधी कल्पनेत रंगविले होते, आणि तेथे दोघांचे छान जमलेले आहे.

पुढे ब्रिटिश म्युझियमसाठी पक्षी व इतर नमुने जमविण्यास तो १८४४ साली जमैकाला गेला आणि दीड वर्ष राहिला. तेथे त्याचा स्नेह जडला रिचर्ड हिल या मिश्रवंशीय न्यायाधीशाशी. हिलला पक्ष्यांची उत्तम जाण होती. जमैकाच्या पक्ष्यांवरील गॉसचा ग्रंथ १८४७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मुखपृष्ठाच्या आतील पानावर साहाय्यक म्हणून हिलचे नाव छापलेले होते. वसाहतीच्या त्या जमान्यात स्थानिक जाणत्यांच्या ज्ञानावर आपले नाव लावणारे साहेब पुष्कळ होते. कर्मठ गॉस त्यांतला नव्हता.

१८४८ साली एमिली बोज हिच्याशी त्याचा विवाह झाला. तीही लेखिका होती आणि त्याच्यासारखीच 'ब्रदरन' नावाच्या कडव्या धर्मपंथाची. २१ सप्टेंबर १८४९ रोजी मुलगा झाला. त्या दिवशीच्या रोजनिशीत गॉसने पुत्रजन्म आणि जमैकाहून आलेली एक हिरवी पाकोळी या दोन्ही घटना लागोपाठ नोंदल्या आहेत. यावरून त्याला पुष्कळांनी कोरडा ठरविले. मला तसे वाटत नाही. जे घडले ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे, ही त्याची खतावणीची सवय होती. नोंद त्रोटक म्हणून आनंदही त्रोटक, असे कसे म्हणावे?

अतिश्रमाने प्रकृती ढासळली, म्हणून १८५२ साली तो डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेला. येथून त्याच्या आयुष्यातील खरे पर्व सुरू होते. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, छिन्नी-हातोडीने समुद्रफुलांसकट खडकाचा तुकडा काढायचा आणि घरी आणून काचेच्या भांड्यात ठेवायचा, हा त्याचा उद्योग झाला. एमिली आणि लहानगा एडमंडही बरोबर असत. प्रश्न एकच होता. भांड्यातले पाणी दोन-चार दिवसांत नासते आणि जीव मरतात. ते टिकवावे कसे?

या वाटेवर तो पहिलाच होता असे नाही. सिसिलीत जान विलप्रो-पॉवर या विदुषीने १८३२ च्या सुमारास काचेच्या पेट्यांत सागरी जीव ठेवून त्यांचे निरीक्षण केले होते. लंडनमध्ये ॲना थिन हिने १८४६ पासून प्रवाळ जिवंत ठेवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतण्याचे काम तिच्या घरी रोज चाले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने १८५० साली दाखवून दिले, की प्राणी जो कर्बवायू सोडतो तो वनस्पती घेते आणि वनस्पती जो प्राणवायू सोडते तो प्राण्याला मिळतो. दोन्हींचे प्रमाण जुळले तर पाणी टिकते. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठल्याने काच स्वस्त झालेली होती. म्हणजे सामग्री सारी तयार होती. हवा होता तो हे सारे स्वतः करून पाहणारा आणि ते साध्या भाषेत व सुंदर चित्रांसह लोकांना सांगणारा माणूस. तो गॉस झाला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ च्या मे महिन्यात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यासाठी त्याने डेव्हनहून जीव पुरविले. १८५४ साली त्याचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक निघाले आणि अक्वेरियम हा शब्द या अर्थाने घरोघर रूढ झाला.

त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट केली. लंडनसारख्या, समुद्र जवळ नसलेल्या शहरात भरतीचे पाणी आणायचे कोठून? त्याने समुद्राच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण समोर ठेवले आणि चार क्षार घेतले : साधे मीठ, एप्सम क्षार म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड. हे ठराविक मापाने गोड्या पाण्यात विरघळविले, त्यात शेवाळ वाढू दिले आणि मग जीव सोडले. ते जगले. समुद्र न पाहिलेल्या गावातही समुद्र करता येतो, हे त्याने सिद्ध केले.

आपल्या वऱ्हाडच्या दृष्टीने गॉसचे महत्त्व मला येथे वाटते. अमरावती-अकोल्याहून मुंबईचा समुद्र सहाशे किलोमीटरच्या आसपास. आपल्यापैकी बहुतेकांना समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा दिसला तो १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेआड. खारे पाणी मात्र आपल्याला परके नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहीर खणली तर पाणी खारटच लागते, आणि बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर तर जगप्रसिद्ध. पण हा खारेपणा समुद्राचा नव्हे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचे आपसातले प्रमाण ठरलेले असते; विहिरीच्या पाण्यात ते प्रमाण नसते. लोणारचे पाणी समुद्राच्या कितीतरी पट अल्कधर्मी आहे. सागरी मासा त्यात तग धरणार नाही. नुसते खारे असून भागत नाही, हिशेब जुळावा लागतो.

हा हिशेब प्रत्यक्ष जुळविलेला मी अकोल्यात पाहिला. जठारपेठेत राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी, बैठकीच्या खोलीत, शंभर लिटरची काचेची टाकी आहे आणि तिच्यात एकच मासा आहे. इंग्रजीत त्याला फ्रॉगफिश म्हणतात. आपण बेडूकमासा म्हणू. आपल्या देशाच्या किनाऱ्यावरही या कुळातले मासे सापडतात. प्रथमदर्शनी तो मासा वाटतच नाही. शेवाळ चढलेला ओबडधोबड दगड वाटतो. अंगावर चामखिळीसारखे फोड, पंजासारखे झालेले पर, आणि पोहण्याऐवजी त्या परांवर तळाशी सावकाश चालणे. डोक्यावर एक बारीक काडी आणि तिच्या टोकाशी मांसल गोळा. हा त्याचा गळ. दगडासारखे निश्चल बसायचे, गळ हालवायचा, आमिष समजून एखादा मासा जवळ आला की तोंड उघडायचे. ही क्रिया सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात होते. आपल्या डोळ्यांना एवढेच दिसते, की समोर मासा होता आणि आता नाही. या कुळातल्या एका माशाला लिनीअसने १७५८ साली लॅटिनमध्ये नट या अर्थाचे नाव दिले, ते किती चपखल!

मी त्या विद्यार्थ्याला खोदून खोदून विचारले. पाणी कसे करतोस? नळाचे पाणी गाळणयंत्रातून काढून त्यात बाजारात मिळणारे तयार सागरी क्षार मोजून घालतो, म्हणाला. गॉसच्या चार क्षारांचीच ही वाढलेली यादी. मासा आणण्यापूर्वी महिना-सव्वा महिना टाकी नुसती चालू ठेवली. माशाच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो विषारी असतो. त्याचे रूपांतर कमी घातक द्रव्यात करणारे जीवाणू आधी दगडांवर वाढावे लागतात. गॉसला शेवाळाचे कार्य ठाऊक होते, या जीवाणूंचे नव्हते. त्याचे पाणी कधी टिके, कधी नासे, त्याचे एक कारण यात असावे. बेडूकमाशाच्या सोबतीला दुसरा मासा ठेवता येत नाही. तो स्वतःएवढाही मासा गिळू पाहतो आणि त्यात कधी स्वतःचाही जीव गमावतो. आठवड्यातून दोन-तीन वेळाच खाणे. त्याचे तोंड नेहमीच भुकेले दिसते, पण त्याला भुलून जास्त घातले तर मासाही जातो आणि पाणीही. जाळीने त्याला पाण्याबाहेर काढायचे नाही. हवा गिळली तर ती त्याला बाहेर टाकता येत नाही, असे पाळणारे सांगतात.

सर्वांत कठीण आपला उन्हाळा. सागरी माशाला पाणी चोवीस ते सत्तावीस अंशांचे हवे, आणि अकोल्याचा पारा वैशाखात पंचेचाळीसच्या वर जातो. टाकीसाठी पाणी थंड करणारे यंत्र आहे. वीज गेली की विजेरीवर चालणारा हवेचा पंप लावायचा आणि बर्फाने भरलेल्या बंद बाटल्या पाण्यात सोडायच्या. मे महिन्यात घरातले कोणी ना कोणी टाकीपाशी हजर असते. लग्नकार्यालाही सगळे मिळून जात नाहीत. एका न हलणाऱ्या माशासाठी एवढा खटाटोप! त्याची आई मला म्हणाली, की घरात तान्हे मूल असल्यासारखे झाले आहे. हे सारे पाहताना डेव्हनच्या भाड्याच्या घरात भांड्यांवर वाकून बसलेला गॉस मला पहिल्यांदा नीट दिसला. पाळणे म्हणजे रोज उठून मोजणे, रोज पाहणे आणि आपल्याला काय हवे यापेक्षा त्या जिवाला काय हवे हे विचारणे.

एवढे पाहणारा हा माणूस पुढे एका ठिकाणी मात्र अडखळला. १८५७ हे त्याच्या आयुष्यातील काळे वर्ष. फेब्रुवारीत एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. त्या काळचे उपचार रोगाहून अघोरी होते आणि ते सारे त्याने तिच्या उशाशी बसून पाहिले. घरात सात वर्षांचा मुलगा. त्याच वर्षी त्याने 'ओम्फालॉस' हे पुस्तक लिहिले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बेंबी. आईच्या पोटी न जन्मलेल्या आदमला बेंबी होती काय, या जुन्या प्रश्नावरून ते नाव. खडक आणि जीवाश्म सांगतात की पृथ्वी फार पुरातन आहे. धर्मग्रंथ सांगतो की ती सहा दिवसांत निर्माण झाली. गॉसने तोड काढली, की देवाने पृथ्वी निर्माण केली तीच मुळी जुनी दिसेल अशी; झाड निर्माण केले तर त्यात वयाची वलये आधीच असणार. त्याला वाटले, दोन्ही पक्ष आता समेट करतील. दोन्ही पक्षांनी त्याला झिडकारले. चार्ल्स किंग्जली हा त्याचा पाद्री मित्र. देवाने खडकांवर धडधडीत असत्य कोरून ठेवले असे आपल्याला मानवत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. पुस्तकाच्या प्रती रद्दीत गेल्या. दोनच वर्षांनी, १८५९ साली, डार्विनचा ग्रंथ आला आणि जग पुढे निघून गेले.

विज्ञानाच्या वर्गात गॉसचे नाव निघालेच तर ते हसण्यासाठी निघते. पण मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. खोटे बोलून सुटावे हा मार्ग त्याला मोकळा होता. जीवाश्म नाहीतच म्हणावे, किंवा ग्रंथाचा अर्थ सोयीने फिरवावा. त्याने यांपैकी काही केले नाही. त्याला दोन्ही खरे ठेवायचे होते, आणि दोन्ही खरे ठेवण्याच्या हट्टापायी त्याने आपली कीर्ती गमावली.

दुसरे दुःख याहून सूक्ष्म होते. त्याची पुस्तके वाचून सारे इंग्लंड किनाऱ्याकडे धावले. बादल्या आणि छिन्न्या घेतलेल्या हौशी लोकांनी खडकांतली ती डबकी उजाड केली. एडमंडने आपल्या पुस्तकात हे हळहळून लिहिले आहे आणि आपल्या बापाला याचा फार सल होता, हेही सांगितले आहे. ज्या सौंदर्यावर प्रेम करायला त्याने शिकविले, त्याच प्रेमाने ते लुटले गेले. आपल्या देशात २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण मिळाले. अकोल्याच्या त्या टाकीत प्रवाळ नाही, मातीचे भाजलेले दगड आहेत. गॉसच्या काळी असा कायदा नव्हता, आणि असा कायदा लागेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

१८५७ नंतर तो डेव्हनमध्येच सेंट मेरीचर्च येथे कायमचा राहिला. १८६० साली एलायझा ब्राइटवेन हिच्याशी त्याने दुसरा विवाह केला. समुद्रफुलांवरचा त्याचा मोठा ग्रंथ त्याच साली पुरा झाला. त्यातील रंगीत चित्रे आजही अभ्यासक पाहतात. पुढे ऑर्किडची बाग आणि पाण्याच्या थेंबातील चक्रधारी सूक्ष्मजीव हे त्याचे विषय झाले. त्या जीवांवरचा ग्रंथ त्याने सी. टी. हडसन यांच्याबरोबर १८८६ साली पुरा केला, तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता. मुलगा लंडनला गेला, कवी झाला, टीकाकार झाला आणि बापाचा धर्म त्याने सोडला. बापाने पत्रांमागून पत्रे पाठवून त्याला परत बोलावले. मुलगा आला नाही. २३ ऑगस्ट १८८८ रोजी गॉस वारला. मुलाने १८९० साली बापाचे एक शांत, अभ्यासू चरित्र लिहिले आणि सतरा वर्षांनी ते दुसरे, गाजलेले पुस्तक. २००२ साली ॲन थ्वेट या चरित्रकर्तीने मूळ कागदपत्रे तपासून गॉसचे नवे चरित्र लिहिले. त्यातून जो माणूस पुढे येतो तो मुलाच्या पुस्तकातल्यापेक्षा पुष्कळ प्रेमळ आणि हसरा आहे.

गॉसला पाण्याचे मर्म उमगले होते. समुद्रफूल काय खाते, त्याला प्रकाश किती हवा, पाणी कधी बदलावे, हे तो भांड्यापाशी बसून त्या जिवाकडूनच शिकला. आपले मत त्याने त्याच्यावर लादले नाही. मुलाच्या बाबतीत हेच त्याला साधले नाही. तेथे काय हवे हे त्याने आधीच ठरवून टाकले होते. आपण आईबाप आणि आपण शिक्षक यांनी या एका चरित्रातून घ्यावे असे पुष्कळ आहे. पण मला विचाराल तर एवढेच. ज्या नजरेने तो खडकातल्या डबक्यात पाहत असे, ती नजर विद्यार्थिमित्रांनी जरूर शिकावी. आणि ती नजर डबक्यापाशीच सोडून न येता घरच्या माणसांकडेही वळवावी.